नदीला वाहिलेला नारळ

कर्जतला उल्हास नदीच्या काठी प्लॉट विकणारा एक एजंट मला चहाच्या टपरीवरून रोज दिसायचा. पांढरेशुभ्र बूट, कपाळाला टिळा. गिऱ्हाईक आलं की आधी नदीला नारळ वाहायला लावी आणि तिचा प्राचीन इतिहास सांगे. ती कधी ऋषीच्या कमंडलूतून निघे, कधी पांडवांच्या बाणातून. गिऱ्हाइकाची गाडी गेली की हा वळणावर काठाला लागलेला नारळ उचलून, पुसून पिशवीत टाकी. उद्याच्या गिऱ्हाइकासाठी.

एकदा मुंबईच्या एका बाईंनी विचारलं, "पण पूर्वी नदी नेमकी कुठून वाहायची?"

तो गांगरला आणि चक्क खरं बोलून गेला. "तुमी उभ्या हाव ना, हितूनच. भराव टाकलाय सगळा. मोठ्या पावसात अजून येते."

मला वाटलं, सौदा फिसकटला. पण बाईंनी चपला काढून जमिनीला नमस्कार केला. "म्हणजे साक्षात तीर्थावर घर!" सौदा तिथंच पक्का झाला.

त्या दिवशी काठाला लागलेला नारळ त्यानं पिशवीत टाकला नाही. पुन्हा धारेत सोडला आणि हात जोडून म्हणाला, "हा तुझाच गं बाय. पावसात त्यांच्याकडं जाशील, तवा जरा बेतानं जा."