रासबेरीसाहेबांची कात्री

वाळलेल्या काठीला रोज पाणी घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तोही अगदी कुंपणापलीकडे. लग्न होऊन मी भाईंदरला आले तेव्हा दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला अजून काही वर्षं होती. आमच्या या शेजाऱ्यांना सगळं गाव रासबेरीसाहेब म्हणायचं आणि त्यात थट्टा आहे हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही. साहेब कसले, महाबळेश्वरला एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या बंगल्यावर कारकून होते. पेन्शनीत निघाले ते त्या अधिकाऱ्याची जुनी हॅट, छाटणीची कात्री आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली रासबेरीची रोपं घेऊन. मिठागरांच्या या गावात, खाऱ्या वाऱ्यात, बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, दोडक्याचा मांडव उपटून त्यांनी ती रोपं लावली. वहिनींनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

पहिल्या उन्हाळ्यात चार-दोन फळं आली. ती बशीत ठेवून गावभर दाखवली, चाखायला मात्र कोणाला दिली नाहीत. त्यानंतर वर्षानुवर्षं काही नाही. फळ देऊन झालेली काठी वाळते आणि पुढचं फळ बुंध्यातून नव्याने फुटलेल्या हिरव्या काठीवर येतं, तेव्हा वाळकी कापायची आणि हिरवी राखायची, एवढी साधी गोष्ट. मला ती फार उशिरा कळली, पण मी काही बागेचा तोरा मिरवत नव्हते. साहेबांनी तीच नेमकी उलटी धरली होती. बंगल्यावर कात्री माळ्याच्या हातात असायची. हे कचेरीच्या खिडकीतून कापलेल्या काठ्यांचा ढीग तेवढा बघायचे. वाळक्या काठ्यांना ते बांबूचा आधार द्यायचे, बुडाला गेरू लावायचे आणि म्हणायचे, "यांनी एकदा फळ दिलंय. ही खानदानी." हिरवा फुटवा दिसला की कच्चकन कात्री.

उत्तनहून मासळी घेऊन येणारी कॅतरीन एकदा पाटी उतरवून त्या गेरू लावलेल्या काठ्यांकडे बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "साहेब, यात खायाचं कायच न्हाय, तं मग हाय कशाला?" साहेबांनी तिला दारात यायची बंदी केली. शिक्षा झाली ती वहिनींना. त्यांच्या वाटचे बोंबील मी कुंपणावरून द्यायचे, आणि साहेब ते मिटक्या मारत खायचे.

घरातही तीच कात्री चालायची. थोरला बापू एका दमात मॅट्रिक झाला होता, आणि तेवढ्या एका फळावर तो आयुष्यभर झोपाळ्यावर बसून होता. दूध त्याला, तूप त्याला. धाकटी कुमुद हुशार. आमच्या ह्यांच्याकडे बसून इंग्रजी शिकली, आणि मुंबईला जाऊन नर्स व्हायचं हे तिने मनाशी धरलं होतं. तिने विषय काढला की साहेब हॅट नीट करत म्हणायचे, "बागेला काय आणि घराला काय, शिस्त लागते." पोर माझ्या चुलीपाशी येऊन रडायची. मला त्या माणसाची तेव्हा चीड यायची आणि अजून येते.

एका श्रावणात ते विहिरीच्या शेवाळलेल्या काठावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडून बसले. छाटणीचे दिवस अंथरुणात गेले. कात्री उशाखाली होती, कारण दुसऱ्या कोणाचा तिला हात लागलेला त्यांना खपत नसे. आणि ज्या वहिनी चहात साखर किती घालू हेसुद्धा विचारून घालायच्या, त्या एके दिवशी आमच्या ह्यांना सोबत घेऊन निघाल्या आणि कुमुदला मुंबईच्या इस्पितळात शिकायला ठेवून आल्या. साहेब पडल्या पडल्या म्हणाले, मला एकदा उठू दे, मग बघतो.

ते उठले तोवर उन्हाळा आला होता आणि त्या वर्षी न कापलेल्या हिरव्या काठ्या फळांनी वाकल्या होत्या. आता तरी या माणसाला समजेल असं मला वाटलं. काठी टेकत ते बागेत आले, डोळे भरून बघितलं आणि मला म्हणाले, "पाहिलंत? इतक्या वर्षांच्या छाटणीचं फळ." सुट्टीवर आलेल्या कुमुदलाही पाहुण्यांपुढे उभी करून हेच ऐकवलं, आपण शिस्त लावली म्हणून पोर इथवर पोचली.

फळं संपली आणि साहेबांचा जुना सूर परत लागला. कुमुदचं शिकणं एवढं पुरे झालं, तिला घरी आणायची आणि उजवून टाकायची. तत्पूर्वी बाग साफ करायची. उशाखाली हात घातला तर कात्री नाही. ते लंगडत मागल्या दारी आले. वहिनी आणि मी खाटेवर सुकट निवडत होतो. वहिनींनी मान वर केली नाही.

"कात्री मी विहिरीत टाकली," त्या म्हणाल्या. "आणि कुमुद परत येणार नाही."

आता आभाळ कोसळणार म्हणून मी हातातली सुकट घट्ट धरून बसले. साहेब विहिरीशी गेले, वाकून बराच वेळ आत बघत राहिले.

"गंजेल ना ती," एवढंच म्हणाले, आणि जाऊन खुर्चीवर बसले.

त्यानंतर दर उन्हाळ्याला रासबेरी येत राहिली. ते हॅट घालून खुर्चीत बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला योग्य वेळच्या छाटणीचं महत्त्व सांगायचे आणि पानावर चार फळं ठेवून कुंपणावरून पहिली मला द्यायचे. आंबट असायची. मी खायचे आणि छान आहेत म्हणायचे.

ते गेले तेव्हा कुमुद इस्पितळातली पक्की नर्स झाली होती. त्यांचं शेवटचं दुखणं तिनेच काढलं. माणसं स्मशानातून परतायच्या आत वहिनी बागेत गेल्या आणि गेरू लावलेल्या त्या खानदानी काठ्या एकेक करून उपटल्या. हिरव्या काठ्यांना हात लावला नाही. परतलेल्यांच्या आंघोळीचं पाणी त्या दिवशी त्या वाळक्या काठ्यांवर तापलं. इतक्या वर्षांत त्यांचा तोच काय तो उपयोग झाला. मी बंबाशी बसून त्या एकेक आत सारत होते आणि मला रडू येत होतं. असल्या माणसासाठी रडू यावं, याचाच मला जास्त राग आला.