दाजींचा थ्रॉटल

मी आज जो काही आहे तो दाजींमुळे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आटपाडीच्या बाजूला एका लहान गावातल्या शाळेत मी शिकलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. मुंबईकडे इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा आनंद व्हायच्या आधी प्रश्न पडला, राहायचं कुठे. दाजी डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर होते. एका खोलीत ते, ताई आणि त्यांची लहान मुलगी. "द्या पाठवून त्याला," एवढंच ते वडिलांना म्हणाले. मी गेल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी स्वतःहून कायमची रात्रपाळी मागून घेतली, मला अंथरूण टाकायला जागा व्हावी म्हणून. विचारलं तर म्हणायचे, "दिवसा बॉयलरला आणि मला, दोघांनाही उकडतं." मला पदवी मिळेपर्यंत त्यांनी पाळी बदलली नाही.

ते निवृत्त झाले तोवर मी ठाण्यात कोलशेतला स्थिरावलो होतो. आयुष्यात एकदाच, आमच्याबरोबर, दाजी विमानात बसले. उतरताना पायलटच्या केबिनचं दार उघडं होतं. बाहेर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "त्या पुढच्या माणसाच्या उजव्या हाताशी तो दांडा कसला रे?" म्हणून मी त्यांना त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सिम्युलेटर बसवून दिला आणि त्याला जोडायचा थ्रॉटलही आणला. थ्रॉटल म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा. तो नवा जोडला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेऊन आणायचा, म्हणजे कॉम्प्युटरला कळतं की जोर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो. याला कॅलिब्रेशन म्हणतात. दाजींनी दोनदा दांडा फिरवला आणि म्हणाले, "नवा व्हॉल्व्ह बसवला की आधी पूर्ण उघडून, पूर्ण मिटून बघायचा. कळलं."

मग रोज दुपारी ते मुंबईहून कोल्हापूरला निघायचे आणि वाट सोडून आमच्या गावावर घिरट्या घालायचे. संध्याकाळी फोन यायचा. "मेव्हणं, आज तुमच्या गावावरून गेलो. मामा काय रानात दिसले नाहीत. झोपले असतील." मामा म्हणजे माझे वडील, त्यांचे सासरे.

यंदा भाऊबीजेला डोंबिवलीला गेलो तर थ्रॉटल खोक्यात घालून दाराशी ठेवलेला.

"जाताना हे घेऊन जा," दाजी म्हणाले.

"का? बिघडला?"

"नाही. कंटाळलो. या वयात पोरखेळ किती करायचा?"

"परवापर्यंत तर पायलट होता."

"पायलटसुद्धा रिटायर होतात." ते हसले, पण माझ्याकडे बघून नाही.

ओवाळून झाल्यावर ताई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लोटलं.

"कंटाळा-बिंटाळा काही नाही. हात थरथरतो म्हणतात. दांडा कितीही घट्ट धरला तरी विमानाचा काटा नाचतो म्हणे. मला तर हात नीटच दिसतो. पण आता दाढी बाहेर करून येतात. चहा अर्धा कपच मागतात, सांडेल म्हणून."

"डॉक्टरला दाखवलं?"

"नाव काढलं की उठून जातात."

त्यांनी डॉक्टरचं नाव का काढू दिलं नाही ते मला लगेच कळलं. दाजींच्या वडिलांना कंपवात होता. ताईच्या लग्नात मी लहान होतो, पण एक गोष्ट डोळ्यांसमोर आहे. पंगतीत दाजी मुंडावळ्यांसकट वडिलांच्या शेजारी बसले होते आणि त्यांना घास भरवत होते. दाजींना वाटत होतं की आता आपली पाळी आली. आणि ते कोणाला सांगत नव्हते.

मी खोकं उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो थ्रॉटल माझ्या कॉम्प्युटरला जोडला. कॅलिब्रेशनमध्ये एक सोय असते. दांडा अगदी थोडा हलला तर त्याकडे दुर्लक्ष करायला कॉम्प्युटरला सांगता येतं. ती मोकळीक वाढवून द्यावी आणि काही न बोलता थ्रॉटल परत नेऊन ठेवावा, म्हणजे दाजींचा हात थोडा हलला तरी काटा हलणार नाही, असा माझा बेत होता. दांडा मध्यावर ठेवला आणि चहा घ्यायला उठलो. परत आलो तर पडद्यावरची, दांडा कुठे आहे ते दाखवणारी पट्टी नाचत होती.

मला आधी वाटलं, पंख्यामुळे टेबल हादरतंय. पंखा बंद केला. टेबलापासून लांब उभा राहिलो. पट्टी वर जात होती, खाली येत होती, मध्येच दचकल्यासारखी उडत होती. दांड्याला कोणाचाच हात नव्हता.

मी कप खाली ठेवला आणि स्क्रू काढायला बसलो. वरचं झाकण उघडलं तर ज्या फटीतून दांडा फिरतो तिच्या आत सगळं लाल. कुंकू. त्यात हळद, दोन्ही ओली होऊन वाळलेली, आणि तांदळाचा एक दाणा.

ताईला फोन लावला.

"ताई, थ्रॉटलला कुंकू कोणी लावलं?"

"मी. खंडेनवमीला. शिलाई मशीन, विळी, स्कूटर, सगळ्यांची पूजा केली. त्यांचं आता तेच हत्यार ना? त्याला कसं वगळायचं?"

"किती लावलंस?"

"लावलं चांगलं सढळ हाताने. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसलं पण."

"पुसलं नाहीस, आत भरलंस! ताई, काटा त्याने नाचतोय. दाजींच्या हाताने नाही."

तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तू आत्ता ये."

ते साफ करणं माझ्यासाठी दहा मिनिटांचं काम होतं. साफ करायच्या स्प्रेची बाटली हातात घेतलीही होती. पण मी थांबलो. दुरुस्त करून नेला असता तर दाजी म्हणाले असते, हा माझी समजूत घालतोय, आत काहीतरी बदल करून आणलाय. त्यांना बिघाड डोळ्यांनी दिसायला हवा होता. मी कुंकवासकट झाकण पुन्हा बसवलं.

"परत आणलंस?" दाजींनी दारातच विचारलं.

"एकदा बघा फक्त."

"मला काही बघायचं नाही." पण ते गेले नाहीत. खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीवर बसून राहिले.

मी जोडणी केली, दांडा मध्यावर ठेवला आणि मागे सरकलो. पट्टी नाचू लागली.

"दाजी, तुमचे हात कुठे आहेत?"

"हे काय, माझ्यापाशी."

"आणि माझे?" मी दोन्ही हात वर केले.

ते उठले. टेबलाखाली वाकून बघितलं. "पंखा बंद कर." केला. "खिडकी लाव." लावली. पट्टी आपली नाचतेच आहे. त्यांनी स्वतःचा उजवा हात वर धरला आणि एकदा त्याच्याकडे, एकदा पडद्याकडे बघितलं.

"मग हे हलवतंय कोण?"

"तुमची बायको."

"हो, टाका सगळं माझ्यावर!" ताई आतून ओरडली. "पूजा केली ते चुकलं का माझं?"

मी झाकण काढून कुंकू दाखवलं. दाजींनी नखाने थोडं कुंकू खरवडून बघितलं. मग त्यांनी हाक मारली, "अगं, माझ्या विमानाला पार हुडहुडी भरवलीस की!" आणि असे हसले की त्यांना खाली बसावं लागलं. ताई पदराने डोळे पुसत दारात आली.

दाजींनी आणि मी मिळून ते साफ केलं. मग मी कॅलिब्रेशन लावलं आणि दांडा दाजींच्या हातात दिला. त्यांनी तो एका टोकाला नेला, दुसऱ्या टोकाला नेला, मग मध्यावर आणून धरून ठेवला. पट्टी जागच्या जागी उभी राहिली. ती तशी राहिली तरी त्यांनी हात काढला नाही. ताईने चहा आणला. कपात बघून म्हणाले, "अर्धाच? भर की."

थ्रॉटल म्हणजे काही डॉक्टर नव्हे, हे मला ठाऊक होतं. पण ते मला बोलावं लागलं नाही. चहा संपवून दाजीच म्हणाले, "आता डॉक्टरकडे जाऊ. आता जाववेल." त्याच आठवड्यात आम्ही कल्याणला गेलो. डॉक्टरांनी त्यांना कागदावर गोल-गोल रेघ काढायला लावली, बोट नाकाला लावायला सांगितलं, चालवून बघितलं आणि म्हणाले, कंपवाताची काही लक्षणं नाहीत, वर्षातून एकदा दाखवून जा.

आमच्या नात्यात थट्टा चालते, बाकी काही बोलायची सवय नाही. म्हणून घरी आल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं.

*ती. दाजी यांना सा. नमस्कार.*

*हे समोर बोलायला गेलो तर तुम्ही हसण्यावारी न्याल आणि मीही हसेन. डॉक्टरांकडून निघताना मी फोन आलाय म्हणून मागे थांबलो ना, तेव्हा फोन आला नव्हता. जिन्यात उभं राहून रडून घेतलं. बरं वाटलं म्हणून.*

*खंडेनवमीपासून भाऊबीजेपर्यंत तुम्ही ती भीती एकट्याने बाळगलीत. मी ठाण्यात होतो, रोज फोनवर बोलत होतो आणि मला काही कळलं नाही. पुढे वयाप्रमाणे कधी हात खरंच थरथरला किंवा कमी चालला, तर खोकं दाराशी ठेवू नका. मला बोलवा. कॅलिब्रेशन कितीही वेळा करता येतं. तुमचा हात जिथवर जाईल तिथवरच दांडा फिरवून दाखवायचा. कॉम्प्युटर त्यालाच पूर्ण जोर धरतो, आणि विमान व्यवस्थित उडतं. ते मी बसून करून देईन. पण हात कुठवर जातोय ते तुम्हीच मला सांगायला हवं.*

*भाचीला आशीर्वाद आणि ताईला नमस्कार सांगा.*

*तुमचा मेहुणा*