जखम बघायला आलेल्या बायका

आमच्या मुळशीत आजाऱ्याला बघायला जातात म्हणजे खरोखर बघायलाच जातात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सासूबाईंच्या नडगीवर जखम झाली. साखरेच्या आजारामुळे ती वर्षभर भरेना. येणारी प्रत्येक बाई टेकायच्या आधी म्हणायची, "बगू तरी." की सासूबाई हौसेनं पट्टी सोडायच्या. मग हळहळ, मग एकीची हळद, दुसरीचा पाला. अक्कल पाजळणाऱ्यांना आमच्याकडे कधीच तोटा नव्हता.

पुण्याच्या डॉक्टरांनी शेवटी स्पष्ट सांगितलं, जखम हाडापर्यंत गेली तर पाय काढावा लागेल. परदेशातून आणलेली एक नवी चिकटपट्टी त्यांनी लावली, जाड आणि मेणकापडासारखी. दोन-चार माझ्याकडेही दिल्या. म्हणाले, "जखम ओलसर राहिली की लवकर भरते. आत पिवळट चिकटा जमेल, वासही येईल. तो पू नव्हे. आठवडाभर उघडू नका."

आठवडा कसला! मी पाण्याला गेले तेवढ्यात चुलतसासूबाई येऊन टपकल्या नाहीत तर काय! परत येऊन बघते, तर पट्टी उकिरड्यावर, सासूबाईंचा पाय उन्हात, त्यावर हळद थापलेली, आणि ही बाई कमरेवर हात ठेवून उभी.

"पू झालता आत. जखमंला वारं लागाया पायजे, खपली धराया पायजे."

"तो पू नव्हता. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डाक्तरला काय कळतंय? त्यो हितं बगाया येतोय व्हय?"

मला तिची किळस आली, जखमेची कधी आली नव्हती. उकळून गार केलेल्या पाण्यानं हळद धुतली, नवी पट्टी लावली, वर जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळलं आणि ते सरळ सुईदोऱ्यानं शिवून टाकलं. पट्टी बदलताना तेवढं मीच उसवायची.

"बगू तरी."

"शिवलंय."

तोंडं पाडून चहा ढोसायच्या आणि जायच्या. हळूहळू यायच्याही बंद झाल्या. सासूबाई माझ्यावर धुमसत होत्या, "तू माजी मानसं तोडलीस."

दिवाळीपर्यंत जखम भरली. गुलाबी, कोवळी कातडी आली. सासूबाई दारात वाट बघत बसायच्या, पण बरा झालेला पाय बघायला एकही फिरकली नाही. शेवटी त्या स्वतःच चालत आपल्या त्याच जावेच्या, चुलतसासूबाईंच्या घरी गेल्या, मी मागून. तिच्या अंगणात त्यांनी लुगडं वर करून पाय पुढे केला.

चुलतसासूबाई तांदूळ निवडत होत्या. "आता काय बगायचं त्यात?" म्हणाल्या. मान वर केली नाही.

सासूबाईंनी लुगडं खाली सोडलं. चहासुद्धा विचारला नाही त्या बयेनं.