झाकणावरची खुर्ची

मलकपेठेतल्या आमच्या गल्लीत पाणी तुंबलं की गटाराचं झाकण उघडून टाकायचं, ही जुनी रीत. आणि उघडणारा माणूस मी. रेल्वेत गँगमन होतो, पहार घरातच. शाळा चौथीपर्यंत, पण पहार चालवायला कुणी शिकवावं लागलं नाही. पाऊस लागला की दारात माणसं, "चाचा, सब्बल लेके आओ." माझी छाती फुगायची. आज त्या छातीवर थुंकावंसं वाटतं.

उघड्या भोकात बांबू उभा करायचा, वर लाल फडकं बांधायचं. झाला आमचा बंदोबस्त.

मागच्या पावसाळ्यात असंच उघडलं. पाण्याला ओढ अशी, की बांबू कधी गेला कुणी बघितलंच नाही. मी समोर किराणावाल्याच्या ओट्यावर चहा पीत उभा, आपली मर्दुमकी सांगत. बायको दारातून ओरडली, "अहो, गोळी घ्या आधी! उपाशीपोटी चहा ढोसताय." गोळी मुठीत धरून तीच निघाली. पाणी पोटरीएवढं. पण गढूळ पाण्याखालचं भोक कुणाला दिसतं? एका पावलात काखेपर्यंत आत गेली. खालून पाणी ओढतंय, वरून मी. शेजारणीनं दुसऱ्या काखेत हात घातला म्हणून बाहेर निघाली. वरच्या गॅलरीत दोघं जण मोबाईल धरून शूटिंग करत होते. माणसं म्हणायची त्यांना.

पायाला लोखंडानं चीर गेली होती आणि त्यात साऱ्या गल्लीची घाण. पाय काळा पडला, ताप चढला. डॉक्टर पाय काढायचं म्हणेपर्यंत ती गेली. दवाखान्यात एकच विचारायची, "माझ्या अंगाला वास येतोय का हो?"

मी नाही म्हणायचो. येत होता.

यंदा पुन्हा पाणी भरलं. तीच माणसं, तेच तोंड घेऊन दारात. पुढं किराणावाला.

"चाचा, सब्बल देओ. चावल के बोरे भीग रे."

"नक्को."

"जो हुआ सो हुआ. इस बार दो डंडे लगाते ना."

दोन बांबू! माझी बायको मेली, त्यातून गल्ली शिकली काय, तर एक बांबू जास्त लावायचा.

हा दुसरीकडून पहार आणणार, हे मला ठाऊक होतं. प्लास्टिकची खुर्ची उचलली, काठी घेतली. भिंतीला धरून, काठीनं जमीन टोचून मगच पाऊल टाकत गेलो. झाकण काठीला लागलं, तिथं खुर्ची मांडली आणि बसलो.

"उठो चाचा, पागल हो गए क्या?"

"हो गया."

"आपके घर में भी पानी घुस रा!"

घुसतच होतं. माझं घर सगळ्यात सखल. तेव्हा आठवलं, खाटेखाली तिची पेटी, पेटीत तिच्या साड्या. उचलून खाटेवर ठेवायला दोन मिनिटं पुरली असती. पण मी उठलो असतो तर दोन मिनिटांत त्यानं झाकण काढलं असतं. आपला उंबरा कोरडा राहावा म्हणून माणूस काय करतो, ते मी स्वतः करून बसलोय. नाही उठलो.

कामावरून येणाऱ्या दोन बायका पदर खोचून पाण्यातून आल्या. मी हात केला, "भिंतीकडून चला." कोण ऐकतंय? माझ्या खुर्चीचा आधार घेऊन, झाकणावर पाय देऊनच पुढं गेल्या. जाताना एक करवादली, "रस्ते में कायकू बैठे जी?"

मी काठीनं झाकण पुन्हा चाचपलं.

अंधार पडायच्या आत पाणी आपलं आपण उतरलं. किराणावाल्यानं माझ्याशी बोलणं टाकलंय. बरं झालं, पीडा गेली. साड्या तीनदा धुतल्या, ऊन दिलं. वास येतोच. आता "नाही येत" म्हणून कुणाला सांगू?