खालून मोजलेला समुद्र

अंटार्क्टिकाजवळच्या समुद्राचा गाळ मी उलटा मोजला. चूक माझीच, तिच्यात कुणाचा वाटा नाही. ती मला कळली मात्र विनू गेल्यावर तेराव्या दिवशी, पंगतीत, हातात पुरीचा तुकडा असताना...

विनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कान्हे स्टेशनवर लोणावळ्याच्याच गाडीची वाट पाहत होतो. रविवार होता, आणि गेली सहा वर्षं रविवारी मी दुसरीकडे कुठे गेलोच नव्हतो. आम्ही तळेगावच्या शाळेत एका बाकावरचे. तो समुद्रतळाच्या गाळाचा शास्त्रज्ञ झाला, मी कान्ह्याला भूगोलाचा मास्तर. निवृत्त होऊन तो लोणावळ्याला आला, मागच्या खोलीत सूक्ष्मदर्शक मांडला आणि मला म्हणाला, "ये, मोजायला माणूस हवाय." मोजायचे ते डायटम, म्हणजे समुद्रातलं डोळ्यांना न दिसणारं शैवाल. ते मरतं, पण त्याचं काचेसारखं कवच गाळात लाखो वर्षं टिकतं. ध्रुवाकडच्या थंड पाण्यात चुन्याची कवचं बहुतेक विरघळून जातात, म्हणून सगळी भिस्त या काचेवर. कुठली जात कुठल्या थरापासून दिसेनाशी झाली, यावरून त्या थराचं वय काढायचं.

गाळाच्या कुप्या, एका थराची एक, खोक्यात ओळीने लावून येत. त्यांना नंबर घालायचं काम माझं. शास्त्रात वरून खाली मोजतात, सगळ्यात वरचा थर म्हणजे एक. पण मी पडलो मावळातला. लोहगडाच्या पायऱ्या कुणी वरून मोजतं का? मी तळापासून सुरुवात केली. तक्त्यात मात्र एक हा नंबर सगळ्यात वर छापलेला, तो तसाच भरत गेलो. झालं! नामशेष झालेल्या जाती वर आल्या आणि आजच्या खाली गेल्या. शहाणा माणूस थबकला असता. मी शोध लावला. तिथला समुद्रतळ कधीतरी अख्खा उलथलाय, असं विनूला सांगितलं. त्याने चष्मा पुसला आणि एवढंच म्हणाला, "मोजत राहा."

मग मी गावच्या शाळेत भाषणच ठोकलं. प्रश्नोत्तरांत, विहिरी खणण्यात हयात गेलेले एक आबा उठले. "गुर्जी, आमी लय हिरी खणल्या. वरचं जुनं आन् खालचं नवं, आसं कुटं घावलं न्हाई." मी म्हटलं, आबा, विहीर वेगळी आणि समुद्र वेगळा. पोरं हसली, आबा खाली बसले. विनू पहिल्या रांगेत होता. शेवटी त्यानेही टाळ्या वाजवल्या.

तेराव्याला त्याची एक विद्यार्थिनी शेजारी बसली होती. मी नेहमीप्रमाणे उलथलेला समुद्र वाढायला घेतला. ती बिचारी संकोचून म्हणाली, "काका, नंबर उलटे पडलेत हे सरांना लगेच कळलं होतं. त्यांनी त्या कुप्या पुन्हा मोजल्या. नंतरची खोकी तर ते स्वतः मोजून झाल्यावरच तुमच्याकडे द्यायचे."

म्हणजे टाळ्या वाजवताना त्याला ठाऊक होतं. त्यानंतरच्या चार वर्षांचे सगळे रविवारही... मी गावभर त्याचा सहकारी म्हणून मिरवत होतो आणि तो मला मिरवू देत होता. चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. लहानपणापासून खात आलो होतो. निदान आबांची माफी मागता आली असती. आबा मागच्या वर्षीच गेले. आता भांडायलाही कुणी उरलं नाही.

गेल्या रविवारी तरीही लोणावळ्याला गेलो. मागच्या खोलीत सूक्ष्मदर्शकावर वहिनींनी जुन्या साडीचा तुकडा घातलाय. कपाटात माझे सगळे तक्ते, तारखेवार, फाइलीत नीट लावलेले. विनू वर्तमानपत्रातल्या चुकासुद्धा पेन्सिलीने दुरुस्त करायचा. माझ्या तक्त्यांवर त्याची एक रेघ नाही. पानामागून पान उलटत राहिलो, एकही नाही.

वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांना माहीत होतं का, ते मी विचारलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"मग त्याने मला सांगितलं का नाही?"

त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला. "सांगितलं असतं तर मोजणं थांबलं असतं, भाऊजी. मोजताना तरी तुम्ही गप्प बसायचात."