पुंगळ्या तपासणारे निमकरकाका

निमकरकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले ते गणपतीच्या दर्शनाला. सिंगापुरातल्या सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. आलेले सगळे मखराचं कौतुक करत होते आणि पांढऱ्या बुशशर्टातले, सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ पूजेतला पितळी तांब्या निरखत होते. त्यांनी तांब्यातलं पाणी बेसिनमध्ये ओतलं, खिशातून टोकाशी वाकवलेली बारीक तार काढली आणि ती आत बुडाशी फिरवली. "झिजलाय हो. दिवाळीपर्यंत टिकला तर नशीब," ते म्हणाले. तांब्या माझ्या बायकोच्या आजीचा. बायकोने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही. तांब्या दसऱ्यालाच गळायला लागला.

काका आमच्यापासून दोन ब्लॉक पलीकडे, मुलीकडे राहायचे. त्यांची नोकरी पुण्याजवळच्या एका काडतुसांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून झाली होती आणि निवृत्तीनंतर ते एका रायफल क्लबात काडतुसं पुन्हा भरण्याचं काम बघत. गोळी सुटली की मागे पितळेची रिकामी पुंगळी उरते. ती साफ करायची, साच्यात दाबून मूळ मापाला आणायची, नवी दारू, नवी गोळी भरायची, की पुन्हा वापरता येते. पण दर वेळी पितळ थोडं थकतं. कुठली पुंगळी भरायची आणि कुठली बाद करायची, याचा निवाडा काकांकडे असे.

सिंगापूरला येताना आठवण म्हणून एक तरी पुंगळी आणायची त्यांची फार इच्छा होती. इथे परवान्याशिवाय रिकामी पुंगळीसुद्धा चालत नाही, असा मुलीने फोनवरच दम भरला. "बरोबरच आहे इथल्या सरकारचं," काका मला म्हणाले, "मी विमानतळावर असतो तर मीही जप्त केली असती."

माझा मोठा भाऊ ऑस्ट्रेलियात पर्थला असतो, रीतसर परवाना काढून रायफलच्या स्पर्धांत उतरतो आणि गॅरेजमध्ये स्वतःची काडतुसं भरतो, हे कळल्यावर काकांची कळीच खुलली. मग दर शनिवारी सकाळी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गजबजाटात, आमची शाळा भरू लागली. समोर कोपी, म्हणजे इथली कॉफी, हातात पुंगळीच्या जागी मार्कर पेनचं टोपण. "मानेला उभी चीर पडली, म्हणजे पितळ कडक झालंय. आणि हे इथे, बुडाच्या जरा वर, चकचकीत कडं दिसलं की थांबायचं. आत भिंत ताणून पातळ झालेली असू शकते. तिथून पुंगळी तुटली तर तापलेला वायू उलटा तोंडावर येतो." मग कोपीचा घोट घेऊन म्हणत, "पुंगळी तक्रार करते, पाटणकर. ती फेकून दिली म्हणून तक्रार मिटत नाही." मी पाया लेबारच्या ऑफिसात जमाखर्च बघणारा माणूस. मला त्यातलं निम्मं कळायचं, पण ऐकत राहावंसं वाटायचं.

डिसेंबरात मी पर्थला गेलो. रविवारी दादाची स्पर्धा होती आणि शनिवारी दुपारी तो भरायच्या पुंगळ्या मांडून बसला होता. मला त्यांच्यावर ते कडं दिसलं. "घासल्याची खूण आहे रे. साच्याची," दादा म्हणाला. मी दोन पुंगळ्या उचलून बाहेर गेलो आणि काकांना फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"फोटोवरून सांगणार नाही. साच्याची खूणही तिथेच पडते. पेपरक्लिप सरळ करा, टोक वाकवा आणि आतून ओढा."

ओढली. एका जागी ती अडकली. दुसऱ्या पुंगळीतही तिथेच अडकली.

"भावाला सांगा. आत्ता."

मी घुटमळलो. दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, वडिलांमागे त्यानेच मला वाढवलेलं. त्याच्या हातातलं काम थांबवायची माझी उभ्या जन्मात छाती झाली नव्हती. तेवढ्यात काकांचा आवाज चढला. "ते मोठे आहेत म्हणून गप्प बसू नका हो! मी हात जोडतो तुम्हाला."

मी आत जाऊन पुंगळ्यांच्या डब्यावर हात ठेवला. "दादा, ह्या मी तुला भरू देणार नाही." दादा भडकला. मला बरंच काही बोलला. मी हात काढला नाही. शेवटी चिडूनच त्याने करवतीने एक पुंगळी उभी चिरली. आत, बरोबर त्या कड्याखाली, खोल चर होता. भिंत कागदाएवढी उरली होती. दादाने करवत खाली ठेवली.

काका अजून फोनवरच होते. मी फोन दादाकडे दिला. "साचा किती खाली बसवता?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण. शिवाय आणखी पाव फेरा आवळतो."

"तिथे आहे दुखणं. पुंगळीचा मानेखालचा खांदा गरजेपेक्षा मागे दाबला जातो. गोळी सुटताना ती रिकामी जागा भरायला ताणते. नव्या आणल्यात तरी हेच होणार."

माल खराब म्हणून दादाने आधीचे दोन डबे फेकून दिले होते. त्या रविवारी तो स्पर्धेला गेला नाही.

काका गेल्या पावसाळ्यात पुण्यात वारले. त्याआधी ते इथून कायमचे परत निघाले, त्या दिवशी मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा बॅगा दाराशी लागल्या होत्या. मुलगी टॅक्सी बोलावत होती. तेवढ्या वेळात त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. "क्लबात आमचे एक साहेब होते. कारखान्यात मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. त्यांनी भरायला काढलेल्या पुंगळ्यांवर मला कडं दिसलं होतं. सामन्याच्या सकाळी साहेबांना काय सांगायचं, म्हणून गप्प बसलो. उजवा डोळा गेला त्यांचा. मला दिसलं होतं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही."

दादाने तुमचे आभार मानायला सांगितलंय, एवढंच म्हणालो.

"आभार कसले," काका म्हणाले. "त्यांनाच सांगा, माझं ऐकलंत, फार उपकार झाले."

त्याच संध्याकाळी मी दादाला फोन करून सगळं सांगितलं आणि निरोप जसाच्या तसा दिला. ज्याला मी वडील गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं, तो माझा दादा फोनवर हुंदके देऊन रडला.