ऋतुजाने क्लास सोडला, नाच नाही

परवा दुपारी जुईनगरला गेले होते, दुरुस्तीला टाकलेला स्पीकर आणायला. परत निघाले, स्टेशनच्या आवारात शिरले आणि एका खांबाजवळ पाय थबकलेच...

तिथल्या बंद ऑफिसांच्या काळ्या काचांसमोर पोरं डान्सची प्रॅक्टिस करतात. फुकटचा आरसा, गुळगुळीत फरशी, वर छप्पर. त्या दिवशी पाच-सहा जण होते. आणि त्यांच्या पुढे ऋतुजा!

मी खारघरला घरीच कथक शिकवते. ऋतुजा अगदी लहान असल्यापासून कामोठ्याहून माझ्याकडे यायची. इतकी गुणी मुलगी माझ्या क्लासमध्ये दुसरी नव्हती.

गेल्या वर्षी कथकच्या मोठ्या परीक्षेच्या तोंडावर मला म्हणाली, "ताई, मला थांबायचंय. तुम्ही शिकवता ते सगळं येतं मला... पण त्यात मी कुठे आहे, तेच कळत नाही."

तिची आई माझ्यासमोर बसून रडली. मी ऋतुजाला अडवलं नाही, पण मनाला फार लागलं. वाटलं, हिला शिस्त नकोय. आता हिचा नाच सुटणार.

आणि परवा ती समोर होती, घामाने निथळत. सगळ्यांनी एकदम गिरक्या घेतल्या आणि सगळे थांबले. एक मुलगा तिथेच फतकल मारून बसला. "बस ना यार, जमलंय."

"नाही जमलं. तुझा पाय उशिरा पडतोय. ऊठ, पहिल्यापासून."

तो कुरकुरत उठला. मग पुन्हा तेच... आणि पुन्हा. प्रत्येक वेळी ती स्वतःही पूर्ण करत होती, कुठेही अंगचोरपणा नाही. मीसुद्धा मुलींकडून इतकं घोटून घेत नाही हो!

तिने काचेतच मला पाहिलं. धावत आली, भर स्टेशनात वाकून नमस्कार केला. आणि मध्ये वर्ष गेलंच नाही अशा थाटात म्हणाली, "ताई, शेवट अडलाय. बघता का जरा?"

मी बघितलं. त्यात माझं कथक होतं, तिच्या साताऱ्याच्या आजोळची लेझीम होती, आणि आणखी काहीतरी होतं ज्याला मला नाव देता येईना. माझे डोळे भरून आले, पण दाखवलं नाही. स्पीकर खाली ठेवला आणि तिला एक शेवट करून दाखवला.

तिने तो लगेच उचलला, अगदी स्वच्छ केला. मग काचेत बघत पुन्हा एकदा करून पाहिला.

"छान आहे ताई... पण हे तुमचं वाटतंय."

क्षणभर चटका बसला. मग हसूच आलं. "मग राहू दे. तुझं तू शोध."

"शोधतेय ना. रोज येते इथे. तुमच्याकडे होते तेव्हा कंटाळा केला की तुम्ही उठवायचात. आता माझं मलाच उठवावं लागतं... ते जास्त अवघड आहे ताई."

घरी आल्या आल्या तिच्या आईला फोन केला. म्हटलं, काळजी करू नका, पोरगी जुईनगर स्टेशनात रोज नाचतेय, नाच सोडून कुठेही गेलेली नाही.  त्या एवढंच म्हणाल्या, "मी उद्या जाऊन बघून येते तिला."

पण ऋतुजाचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. "तुमचं वाटतंय" म्हणाली... ते माझं तरी कुठे होतं? माझ्या गुरुजींनी शिकवलेलं मी तिला जसंच्या तसं करून दाखवलं होतं. इतकी वर्षं शिकवतेय, पण परीक्षा नाही, गॅदरिंग नाही, नुसतं स्वतःसाठी म्हणून मी शेवटचं कधी नाचले, आठवेना.

आज सकाळी मुली यायच्या आधी घुंगरू बांधले. घोटे दुखले, दम लागला. कुणाचं काहीही न आठवता जे येईल ते करायचं ठरवलं, तर कितीतरी वेळ नुसती उभीच राहिले... शेवटी दोन हालचाली सुचल्या. दुसरी गुरुजींची होती, करता करताच ओळखू आली.

पहिली कुणाची, ते मात्र अजून आठवत नाहीये... बहुतेक माझीच असावी.